जिंतूरच्या मृत्युपत्राला मुंबईचा शिक्का का लागत असे? प्रोबेट, विरासत आणि वारसनोंदीचा इतिहास

१/
जिंतूरच्या एखाद्या वृद्ध खातेदाराने राहत्या घरी, साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र लिहिले असे समजू. त्यात तीन गोष्टी आहेत: पूर्णेकाठची शेती, गावातले घर आणि मुलाच्या नोकरीच्या काळात मुंबईत घेतलेली एक सदनिका. खातेदार वारला की या एकाच कागदाला दोन कायदे लागू होत. शेती आणि घर यांसाठी न्यायालयाचे प्रोबेट बंधनकारक नव्हते. मुंबईच्या सदनिकेसाठी मात्र होते. हा भेद १८७० पासून चालत आला आणि डिसेंबर २०२५ मध्ये संपला.

२/
आधी शब्दाचा अर्थ. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असून कायद्याप्रमाणे केलेले आहे, असे ठरवून न्यायालयाने आपल्या शिक्क्यानिशी दिलेली त्याची प्रमाणित प्रत. हे फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या निष्पादकालाच, म्हणजे व्यवहारात ज्याला एक्झिक्युटर म्हणतात त्यालाच मिळते. निष्पादक नेमलेला नसेल किंवा मृत्युपत्रच नसेल, तर वारसाला ‘लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे मालमत्तेच्या व्यवस्थेचा अधिकार देणारे पत्र, मागता येते.

३/
ही कल्पना मूळची येथील नव्हे. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात मृताचा हिस्सा उरलेल्या सहदायादांकडे आपोआप जाई. त्याविषयी मृत्युपत्र करण्याला जागाच नव्हती. मुस्लिम कायद्यात ‘वसीयत’ होती, पण कर्ज आणि अंत्यविधी वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरती. मेलेल्या माणसाचा कागद न्यायालयात नेऊन त्यावर मोहोर उठवावी, ही रीत इंग्लंडच्या धर्मपीठीय न्यायालयांतून जहाजाने मुंबईला आली.

४/
१७२६ मध्ये पहिल्या जॉर्ज राजाने सनद देऊन मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे मेयर कोर्टे स्थापन करविली. प्रोबेट देण्याचा अधिकार त्या सनदेतच होता. कारण व्यावहारिक होते. कंपनीचे नोकर आणि व्यापारी येथे तापाने, हगवणीने मरत. त्यांचे वारस हजारो मैल दूर असत आणि येणी-देणी अर्धवट राहत. मृताच्या वतीने बोलणारा अधिकृत माणूस कोण, हे ठरविणारा कागद व्यापारासाठी आवश्यक होता. पुढे रेकॉर्डर कोर्ट, १८२४ पासून सुप्रीम कोर्ट आणि १८६२ पासून मुंबई उच्च न्यायालय असा हा अधिकार वारशाने चालत आला.

५/
बेट सोडून घाटावर आले की चित्र बदले. पेशवाई संपल्यावर इंग्रजांच्या हाती आलेल्या मुलखासाठी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात १८२७ चे विनियम झाले. त्यांपैकी आठवा विनियम वारसांना मान्यता देण्यासंबंधी होता. त्याची भूमिका संयमाची होती: वारसाने नेहमीप्रमाणे मालमत्ता सांभाळावी, त्यासाठी न्यायालयाची परवानगी अनिवार्य नाही, कोणाला औपचारिक मान्यता हवीच असेल तर दाखला मागावा. ‘वारस दाखला’ हा शब्द महाराष्ट्राच्या बोलीत रुळला त्यामागे हा विनियम आहे.

६/
बेटाची रीत कायद्याने पक्की झाली ती १८७० च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टने. बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरचा प्रदेश आणि मद्रास व मुंबई ही शहरे, एवढ्याच भागात हिंदूंच्या मृत्युपत्रांना हा कायदा लागू झाला. मृत्युपत्र या हद्दीत केलेले असेल, किंवा बाहेर केलेले असूनही हद्दीतील स्थावर मालमत्तेविषयी असेल, तर प्रोबेटशिवाय त्याच्या आधारे न्यायालयात हक्क सांगता येत नसे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात हीच तरतूद कलम ५७ आणि २१३ म्हणून आली. जिंतूरच्या मृत्युपत्राचे दोन भाग झाले ते येथे.

७/
खर्चही त्याच वर्षी ठरला. १८७० च्या कोर्ट फी कायद्याने हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालमत्तेवर प्रोबेटसाठी शेकडा दोन रुपये आकारणी ठेवली. वकिलाचे शुल्क, नोटिसांचा खर्च आणि हेलपाटे निराळे. म्हणजे मृत्युपत्र सिद्ध करणे हे सरकारच्या उत्पन्नाचेही एक साधन झाले. पुढे हा विषय प्रांतांकडे आला. महाराष्ट्रात प्रोबेटचे शुल्क मालमत्तेच्या किमतीनुसार वाढते, पण त्याला ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली गेली.

८/
या काळात जिंतूर कोठे होते? जिंतूर हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्याचा तालुका. येथे मुंबईचा कायदा नव्हता, १८२७ चा विनियम नव्हता आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अपीलही जात नव्हते. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी आणि १८८४ च्या सुमारास उर्दू झाली. घरात मराठी बोलणाऱ्या रयतेची वारसाची कागदपत्रे मात्र उर्दूत आणि फसली सनात लिहिली जात.

९/
निजामी मुलखात प्रोबेटच्या जागी जो शब्द होता तो ‘विरासत’. पट्टेदार वारला की त्याच्या पट्ट्यावर वारसाचे नाव चढविणे ही विरासत. हे काम महसूल खात्याचे. इनाम, जहागीर, देवस्थान किंवा रोख नेमणूक असेल तर प्रकरण ‘अतियात’ खात्याकडे जाई. तेथे चौकशी होई: मूळ सनद कोणाची, वंशावळ काय, खरा वारस कोण, हिस्सेदार किती. चौकशीअंती जो अधिकृत लेख निघे त्याचे नाव ‘मुंतखब’.

१०/
प्रोबेट आणि मुंतखब यांच्यातील फरक लक्षात घेण्यासारखा आहे. प्रोबेट विचारते, ‘मेलेल्याची इच्छा काय होती?’ अतियातची चौकशी विचारते, ‘सरकारने दिलेले दान आता कोणाच्या नावे चालू ठेवायचे?’ एका पद्धतीत मृताचा शब्द मुख्य, दुसऱ्या पद्धतीत राज्याची मान्यता मुख्य. म्हणून निजामी मुलखातील इनामदाराला मृत्युपत्र करून फारसे साधत नसे. सनद आणि वंशावळ जपणे अधिक गरजेचे होते.

११/
या दोन पद्धतींची गाठ एका प्रसिद्ध प्रकरणात पडली: ताई महाराज प्रकरण. पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित उर्फ बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी कॉलऱ्याने वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी मृत्युपत्र केले आणि बाळ गंगाधर टिळक, अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे इत्यादींना व्यवस्था सोपविली. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर होते आणि पुढच्याच महिन्यात तुरुंगात गेले.

१२/
पुणे हे मुंबई शहराच्या हद्दीबाहेर. त्यामुळे तेथे प्रोबेट घेणे सक्तीचे नव्हते. १८८१ च्या प्रोबेट अँड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन अ‍ॅक्टने मात्र हिंदूंना ते घेण्याची सोय केली होती आणि विश्वस्तांनी ती वापरली. मालमत्तेवर कर्ज होते. ते फेडायचे तर घरखर्चाला कात्री लावणे भाग होते. बाबा महाराजांच्या पत्नी सकवारबाई उर्फ ताई महाराज त्या वेळी अगदी तरुण होत्या. पतीच्या मृत्यूनंतर त्यांना मुलगा झाला, पण तो काही आठवड्यांतच गेला.

१३/
मृत्युपत्रात अशा प्रसंगाची तरतूद होती: विश्वस्तांच्या सल्ल्याने दत्तक घ्यावा. पंडित घराण्याची एक शाखा निधोन्याची, म्हणजे निजामाच्या मुलखातील. जून १९०१ मध्ये टिळक, खापर्डे आणि ताई महाराज औरंगाबादला गेले आणि २८ जून १९०१ रोजी तेथे त्या शाखेतील जगन्नाथ या मुलाला दत्तक घेतले गेले. पुण्याच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी अशा रीतीने निजामी मराठवाड्यात झाली.

१४/
पुण्यास परतल्यावर ताई महाराजांचे मन फिरले. औरंगाबादचा दत्तकविधी झालाच नाही, असे त्या म्हणू लागल्या. त्यांनी टिळकादिकांचे प्रोबेट रद्द करावे म्हणून जिल्हा न्यायालयात अर्ज केला आणि ऑगस्ट १९०१ मध्ये कोल्हापूरच्या बाळा महाराजांना दत्तक घेतले. एका मालमत्तेला दोन दत्तक पुत्र झाले. दोघांपैकी खरा वारस कोणता, हे आता औरंगाबादेत त्या दिवशी नेमके काय घडले यावर ठरणार होते.

१५/
जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी एप्रिल १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केले. एवढ्यावर न थांबता त्यांनी टिळकांवर खोटी साक्ष, बनावट पुरावा इत्यादी आरोपांवरून फौजदारी खटला भरण्याची वाट मोकळी केली. ऑगस्ट १९०३ मध्ये दंडाधिकारी क्लेमंट्स यांनी टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड सुनावला. सत्र न्यायालयाने ती शिक्षा सहा महिन्यांवर आणली. मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने टिळकांना निर्दोष सोडले. मालमत्तेत ज्याचा एक पैचाही वाटा नव्हता असा निष्पादक, निव्वळ व्यवस्था पाहण्यापायी, तुरुंगाच्या दारापर्यंत गेला होता.

१६/
दत्तकाचा दिवाणी दावा स्वतंत्र चालला. १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने औरंगाबादचा दत्तक खरा मानला. १९१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. शेवटी २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथ महाराजांचा दत्तक वैध ठरविला. टिळक आणि त्यांचे साक्षीदार खोटे बोलले, असे त्यांना उलटतपासणीत ते विचारल्याशिवाय मानणे चूक आहे, असे लॉर्ड शॉ यांच्या या निर्णयात स्पष्ट झाले. पुराव्याच्या कायद्यात या निकालाचा उल्लेख आजही होतो.

१७/
मृत्यू १८९७ चा, अंतिम निकाल १९१५ चा. ताई महाराज खटला चालू असतानाच वारल्या होत्या. शेकडा दोनची कोर्ट फी या खर्चात नगण्य ठरली. खरा खर्च होता तो अविश्वासाचा: तरुण विधवेला विश्वस्तांविषयी, विश्वस्तांना तिच्या सल्लागारांविषयी आणि न्यायाधीशाला टिळकांविषयी वाटलेला. प्रोबेटने मृत्युपत्र खरे ठरविले होते. कुटुंबातील माणसे एकमेकांना खरी मानतील याची हमी ते देऊ शकले नाही.

१८/
पुन्हा जिंतूरकडे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. १९५१ मध्ये संसदेच्या कायद्याने अनेक केंद्रीय कायदे पूर्वीच्या संस्थानी राज्यांना लागू झाले. त्यात भारतीय उत्तराधिकार कायदाही होता. १९५२ मध्ये अतियात चौकशीचा नवा कायदा झाला आणि पुढे इनामे रद्द झाली. १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

१९/
बारा वर्षांत इतकी राज्ये आणि कायदे बदलले, पण शेतकऱ्याची पेटी तीच राहिली. त्यात उर्दू सेतवार, फसली सनाच्या पावत्या, १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक आणि क्वचित एखादे मुंतखब. देवस्थान किंवा सेवा इनामाच्या जमिनीचा वाद निघाला की मराठवाड्यात आजही या कागदांची शोधाशोध होते आणि उर्दू वाचणारा जाणकार गाठावा लागतो. पणजोबाची विरासत मराठीत आणणे हाही वारसा मिळविण्याचा एक खर्चच आहे.

२०/
आता जिंतूर तालुक्यात माणूस वारला की काय होते? शेतीसाठी वारसदार मृत्यूचा दाखला आणि वंशावळीचे शपथपत्र घेऊन तलाठ्याकडे जातात. या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ‘सहा-क’ या वारस नोंदवहीत नावे चढतात, फेरफार लिहिला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचे असते. मालमत्तेच्या किमतीवर कोर्ट फी येथे नाही.

२१/
पण फेरफार हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तो महसूल वसुलीसाठीचा लेख आहे, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. मृताच्या बँकेतील ठेवी, रोखे, शेअर्स आणि येणी यांसाठी निराळा कागद लागू शकतो: उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजेच ‘सक्सेशन सर्टिफिकेट’. ते दिवाणी न्यायालय देते, जाहीर नोटीस निघते, रकमेनुसार शुल्क लागते आणि प्रसंगी जामीनही मागितला जातो. ठेवीला नामनिर्देशन केलेले असले तर बँक त्या व्यक्तीला पैसे देते. तेवढ्याने ती व्यक्ती मालक होत नाही, इतर वारसांचा हक्क कायम राहतो.

२२/
वारसनोंदीतील सर्वांत मोठा अन्याय मात्र शुल्काचा नव्हता. १९५६ पासून विधवा, मुलगी आणि आई या पहिल्या वर्गाच्या वारस झाल्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला एकत्र कुटुंबात सहदायादाचा दर्जा दिला. तरी वंशावळ सांगताना बहिणींची नावे गाळण्याची किंवा त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची चाल गावोगाव राहिली. प्रोबेटच्या अर्जात जवळच्या नातलगांची नावे सांगावी लागतात आणि त्यांना न्यायालयाची नोटीस जाते. सहा-कच्या नोंदीत बरेच काही वंशावळ सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर सोडलेले असते. स्वस्त मार्गाची ही किंमत बहुधा बहिणींनी मोजली.

२३/
दुसरा दोष दिरंगाईचा. वाद नको, म्हणून मृताचे नाव सातबाऱ्यावर तसेच ठेवायचे. मग नातवाच्या पिढीत वारस वीस-पंचवीस. पीक कर्ज अडते, भूसंपादनाचा मोबदला अडतो. यासाठी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम हाती घेतली. बुलढाणा जिल्ह्यातील प्रयोगानंतर ती राज्यभर राबविली गेली. उद्देश एकच: मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे.

२४/
प्रोबेट घेतल्यानंतर निष्पादकाचे काम संपत नाही, सुरू होते. कायदा त्याला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयात द्यायला सांगतो. देण्यांचा क्रमही ठरलेला आहे. आधी अंत्यविधी आणि अखेरच्या आजाराचा खर्च. मग प्रोबेटचा खर्च. मग मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत राबलेल्या मजुराची, कारागिराची, घरगड्याची मजुरी. मग इतर कर्जे. आणि सर्वांत शेवटी मृत्युपत्रातील देणग्या. सावकाराच्या आधी मजूर आणि वारसाच्या आधी सावकार, असा हा क्रम आहे.

२५/
सक्तीचा प्रदेश हळूहळू आकसत गेला. मुसलमानांना ती कधीच लागू नव्हती. भारतीय ख्रिस्ती समाज २००२ च्या दुरुस्तीने तिच्यातून सुटला. हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि १९६२ नंतर पारशी यांच्यापुरती, आणि तीही जुन्या इलाख्यांच्या हद्दीत, ती उरली. धर्म आणि पत्ता यांवर अवलंबून असलेल्या या नियमावर टीका वाढत गेली. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायदा संमत करून कलम २१३ वगळले. मुंबईच्या सदनिकेसाठीही आता प्रोबेट अनिवार्य नाही.

२६/
याचा अर्थ प्रोबेट नाहीसे झाले असा नव्हे. ते आता मुंबईतही ऐच्छिक आहे, जसे १८९७ च्या पुण्यात होते. वारसांत एकमत असेल तर त्यावाचून भागेल. वाद संभवत असेल, एखादा वारस वगळलेला असेल, तर आधीच न्यायालयातून मोहोर घेणे शहाणपणाचे ठरू शकते. मृत्युपत्राची मूळ अट सर्वत्र सारखीच आहे: करणाऱ्याची सही वा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी सक्तीची नाही, पण उपयोगाची आहे.

२७/
मेयर कोर्टाची मोहोर, अतियातचे मुंतखब आणि तलाठ्याची सहा-क: तिन्ही कागद एकच प्रश्न विचारतात. मेलेल्या माणसाच्या वतीने आता कोण बोलणार? मुंबईने त्यासाठी पैसे आणि वेळ घेतला, पण नातलगांना नोटीस दिली. जिंतूरने दोन्ही वाचविले, पण बहिणीला अनेकदा विचारलेच नाही. आता दोन्ही ठिकाणी सक्ती नाही. म्हणून वंशावळ सांगताना एकही नाव न गाळण्याची जबाबदारी पूर्वीपेक्षा अधिक वारसांवरच आली आहे.